सोमवारचं पाणी

नोकरीत काय करत होतात, असं कुणी विचारलं की मी सांगते, "बाटल्या भरत होते." समोरचा माणूस जरा दचकतो. त्यातून बाईमाणसानं हे सांगितलं की आणखीच दचकतो. मग मी खुलासा करते, की बाटल्या रिकाम्या असायच्या आणि त्यांत वाशिष्ठी नदीचं पाणी भरायचं असायचं. एवढं ऐकून बहुतेकांचा रस संपतो. या अंकाच्या संपादकांचा संपला नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. बढत्या आणि बदल्या मी यात सांगणार नाही. त्या झाल्या तेव्हा मलाही त्यांत फारसा रस नव्हता.

ऐंशीनंतरची ती वर्षं. चिपळूणला बाजारपेठेच्या मागं एका कौलारू घरात आमची प्रयोगशाळा होती. बी. एस्सी. होऊन मी दापोलीहून तिथं रुजू झाले. काम असं की घाटाच्या पायथ्यापासून खाडीच्या मुखापर्यंत नदीचं सगळं खोरं तपासायचं. खोरं म्हणजे ज्या ज्या डोंगरउतारावर पडलेलं पाणी शेवटी याच नदीला मिळतं तेवढा सगळा मुलूख. म्हणजे वरच्या वाडीत कुणी गोठा धुतला, तरी त्याची खबर कधी ना कधी खाली आमच्या बाटलीत येणारच. मला या कल्पनेचं तेव्हा फार अप्रूप वाटे. काठावर बसून मी वाहत्या पाण्याकडे बघत राही आणि हे पाणी कुणाकुणाच्या अंगणातून आलं असेल याचा विचार करत राही. प्रयोगशाळेचे साहेब म्हणत, "बाई, नमुना घ्या, समाधी नको."

लोक घरचं पाणीही घेऊन येत. एक आजोबा विहिरीचं पाणी औषधाच्या बाटलीत घेऊन आले आणि म्हणाले, शेजाऱ्यानं काहीतरी टाकलंय, नाव शोधून द्या. तपासलं तर पाण्यात कडुनिंबाचा पाला कुजलेला होता आणि झाड आजोबांचंच होतं. दुसऱ्या एका सद्गृहस्थांना मुलीच्या सासरचं पाणी 'जड' आहे असं लिहून हवं होतं. लग्न मोडायचं होतं की मोडलेलं समर्थनीय करायचं होतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पाणी मात्र चांगलं हलकं निघालं.

माझी सगळ्यांत आवडती परीक्षा होती पाण्यातल्या प्राणवायूची. मासे, शिंपले, किडेमकोडे सगळे पाण्यात विरलेल्या प्राणवायूवर जगतात. तो किती आहे हे बघायचं तर पाणी काठावरच, तिथल्या तिथं 'बांधून' घ्यावं लागतं, नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत ते बदलून जातं. काचेच्या बुचाची बाटली पाण्याखाली धरून अलगद भरायची. आत एकसुद्धा बुडबुडा राहता कामा नये. मग लांब नळीनं तळाशी दोन औषधं सोडायची, बूच लावायचं आणि बाटली खालीवर करायची. पाण्यात प्राणवायू असला की ओल्या काताच्या रंगाचा तपकिरी साका धरतो आणि हळूहळू तळाशी बसतो. नसला तर साका पांढरा राहतो. पुढची मोजदाद प्रयोगशाळेत होते, पण जगणं आहे की नाही हे काठावरच डोळ्यांना दिसतं. तो तपकिरी ढग बाटलीत उतरताना मी कितीदा बघितला असेल, तरी दर वेळी मला बरं वाटायचं. नदी श्वास घेतेय, असं मनात म्हणायची. मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती.

वाशिष्ठीची एक गंमत बाहेरच्यांना ठाऊक नसते. कोकणातल्या नद्या उन्हाळ्यात आटून दगडांच्या होतात, पण ही चैत्र-वैशाखातही वाहते. कारण घाटावर अडवलेलं कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून खाली येतं, वीजघरातली यंत्रं फिरवतं आणि काम संपवून आमच्या नदीत सोडलं जातं. त्याला अवजल म्हणतात. खरं तर ते पूर्वेच्या समुद्राकडं जायला निघालेलं पाणी. त्याला मधेच वळवून पश्चिमेला आणलेलं. मुंबईतल्या कुणाच्या घरचा पंखा फिरवून झाला की ते आमच्या चिपळुणात येतं आणि म्हशींना आंघोळ घालतं. जीपमध्ये डुलक्या घेताना मला त्या पाण्याचीच स्वप्नं पडत. अंधारातून घसरत येणारं, आपण कुठं चाललोय हे ठाऊक नसलेलं गार पाणी.

आता आमच्या खात्याचा नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. नमुना घ्यायचा तो एकाच जागी आणि एकाच वारी. म्हणजे या आठवड्याचं पाणी मागच्या आठवड्याच्या पाण्याशी ताडून बघता येतं. चिपळूणच्या खालच्या अंगाला आमचा वार होता बुधवार. त्याचं आणखी एक कारण असं, की बाकीचे दिवस जीप दुसऱ्या खात्याकडं असायची. पण साहेब जीपचं कारण कधी सांगत नसत. ते कोल्हापूरकडचे, कडक शिस्तीचे आणि मनानं सरळ. म्हणायचे, "वार मोडला की आकडा मोडला, बाई. मग तुमच्या आकड्याला कोण विचारतंय?"

चिपळूणच्या खाली, गोडं पाणी खाऱ्यात मिसळायला लागतं तिथं, खाजणवाडी म्हणून भोई लोकांची वाडी होती. पंचवीस-तीस घरं, माड, सोमेश्वराचं लहानसं देऊळ आणि समोर नदीतला वाळूचा दांडा. ओहोटीला हा दांडा उघडा पडला की बायका टोपल्या घेऊन त्यावर उतरत आणि वाळू उकरून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढत. घरातल्या कालवणाला तिसऱ्या आणि बाजारात विकायलाही तिसऱ्या. पावसाळ्याआधीचे महिने वाडी त्या दांड्यावरच जगे. बुधवारी मी गेले की बायका हाका मारत, "बाटलीवाली बाय आली गो!" पोरं माझी पेटी उघडताना बघायला जमत.

त्या वर्षी होळीनंतर तिसऱ्या मरू लागल्या. मंगळवारी बायका दांड्यावर जात तेव्हा अर्ध्या तिसऱ्या तोंड उघडून पडलेल्या असत, आत नुसती वाळू आणि घाण. वाडीच्या वर मैलभरावर एक रंगांचा कारखाना नवा निघाला होता. त्याचं मळकं पाणी एका नाल्यानं नदीत येई. सगळ्यांचा संशय आधी त्याच्यावर गेला. मी बुधवारी नमुने घेतले. साका स्वच्छ तपकिरी. पुढच्या बुधवारी तेच, त्याच्या पुढच्याही बुधवारी तेच. कारखान्याच्या माणसानं साहेबांपुढं आमचेच कागद ठेवले आणि अतिशय नम्रपणे विचारलं, "तुमचंच पाणी चांगलं म्हणतंय, तर आम्ही काय करावं?" साहेबांनी कागद परत फायलीत लावले.

कारखाना सुटला, तशी वाडीनं दुसरीकडं बोट वळवलं. खाजणवाडी सोमवार पाळायची. सोमवार सोमेश्वराचा वार. त्या दिवशी कुणी जाळं टाकायचं नाही, होडी काढायची नाही, नदीच्या पाण्याला पायसुद्धा लावायचा नाही. आजोबा-पणजोबांपासूनची चाल. तेव्हा आता वाडीत बोललं जाऊ लागलं, की कुणीतरी वार मोडतंय. कुणीतरी चोरून सोमवारी पाण्यात उतरतंय आणि देव रागावलाय.

त्या चौथ्या बुधवारी मी काठावर एकटी पेटी आवरत होते. बाकी बायका दांड्यावर लांब होत्या. अनुसया तेवढी मागं राहिली. तिची माझी ओळख थोडी जास्त होती. माझ्याच वयाची, दोन मुलींची आई. नवरा मुंबईला गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यापासून तो तिथंच काहीबाही काम शोधत होता आणि इकडं काही पाठवू शकत नव्हता. ती टोपली जमिनीवर ठेवून माझ्याजवळ बसली आणि पेटीतल्या बाटल्यांकडं बघत म्हणाली, "बाय, तुमी दर बुदवारी येताव."

"हो. आमचा वार आहे तो."

"सोमारी येवन बगा ना एकदा."

"सोमवारी काय?"

"सकालच्या पारी पानी बगा. वास येतो. लहान मासं वर येवन तोंड उघडतात, वायच वारं घेयाला." एवढं बोलली आणि एकदम थांबली. तिनं काय बोलून टाकलं ते तिलाही कळलं आणि मलाही. सोमवारी सकाळी वाडीतलं माणूस पाण्याजवळ नसतं. मग मासे तोंड उघडतात हे हिनं कसं बघितलं?

ती माझ्या हाताला धरून म्हणाली, "दांडा मोकला असतो त्या दिसाला. पोरींच्या पोटासाटी जाते. यंदा सुरू केलं, आनि यंदाच ह्ये झालं. बाय, देव माज्यावरच रागावला काय गो?"

तिच्या डोळ्यांत नुसती भीती नव्हती, तिचा त्यावर विश्वासही होता. तेच मला सोसेना. पुढच्या सोमवारी देवळात गावकी बसणार होती, म्हणजे सगळी वाडी जमणार होती. वार कुणी मोडला त्याचा देवाला कौल लावायचा होता. पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवायच्या, एकेका घराचं नाव घ्यायचं, आणि उजवीकडची कळी पडली की ते घर दोषी. ज्याचं घर निघेल त्याला दांडा बंद. "माजं नाव येनार," अनुसया म्हणाली, "देवाला सगलं दिसतं." दांडा बंद म्हणजे तिच्या चुलीवरचं भांडंच खाली उतरणार होतं. मी तिला म्हटलं, मी बघते. काय बघणार होते ते मला ठाऊक नव्हतं.

साहेबांना मी सोमवारी जीप मागितली. कारण सांगता येत नव्हतं, कारण सांगायचं तर तिचं नाव आलं असतं. साहेबांनी नेहमीचं वाक्य ऐकवलं. वार मोडला की आकडा मोडला. त्या क्षणी मला हसूच आलं. खाजणवाडीचा सोमवार आणि आमचा बुधवार. दोघंही आपापला वार पाळत बसलो होतो आणि नदी मधल्या दिवसांत काय करते ते कुणीच बघत नव्हतं.

रविवारी मी वर घाटाच्या पायथ्याशी, अलोऱ्याला बहिणीकडं गेले. तिचे यजमान तिथल्या वीजघरात कामाला, वसाहतीत त्यांची खोली होती. जेवण झाल्यावर घर झोपलं आणि मी एकटीच नदीवर जाऊन बसले. मला ती दुपार अजून दिसते. ऊन होतं, पण माडांच्या सावलीत गारवा होता. पलीकडं कुणी एकटाच कपडे आपटत होता आणि त्याचा आवाज हात खाली गेल्यावर जरा उशिरानं ऐकू येत होता. मी पाण्याकडं बघत होते आणि पाणी माझ्यासमोर कमी होत होतं. आधी एका काळ्या दगडाची पाठ दिसली, मग त्याचे खांदे दिसले, मग त्याच्या भोवतालचे धाकटे दगड एकेक करून वर आले. मला वाटलं मला झोप लागलीये. नदी अशी गुपचूप उठून चाललीय आणि कुणाला हाक मारत नाही, असं काहीतरी. मी उठून पायानं चाचपून बघितलं. मघाशी जिथं पोटरीभर पाणी होतं तिथं ओले गोटे होते.

भाऊजी चहाला हाक मारायला आले. त्यांना विचारलं तर ते म्हणाले, "आज रविवार ना! मुंबईचे कारखाने बंद, विजेला गिऱ्हाईक नाही. यंत्रं निम्मी निजलेली असतात. यंत्रं निजली की अवजल कमी. उद्या सकाळी उठवली की येईल पुन्हा."

"आणि हे कमी झालेलं पाणी खाली चिपळूणच्या पुढं पोचायला किती वेळ?"

"उद्या सकाळपर्यंत खाली नदी बारीकच. का गं?"

मी चहा अर्धा टाकून एस्टी पकडली. बहीण रागावली. तिला वाटलं, भाऊजी काही बोलले. प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडंच असे. बाटल्या, औषधं, नळ्या एका वेताच्या पेटीत भरल्या आणि घरी नेऊन ठेवल्या. सगळा हिशोब आता सरळ होता. बुधवारी वीजघर जोरात, नदी भरलेली, तेव्हा कारखान्याचं मळकं पाणी तिच्यात विरून जातं. रविवारी अवजल कमी, पण कारखान्याचा नाला तेवढाच. सोमवारी सकाळी ओहोटी असली की दांड्यावर जवळजवळ नुसतं त्याचंच पाणी. हिशोब सरळ होता, पण तो माझ्या डोक्यात होता. वाडीला डोक्यातला हिशोब दाखवून काय उपयोग?

सोमवारी सकाळी पहिल्या एस्टीनं मी खाजणवाडीच्या फाट्याला उतरले. पेटी डोक्यावर घेऊन चालत देवळाशी आले तर सगळी वाडी जमलेली. गडी पुढं, बायका मागं खांबांशी. पाषाण धुऊन ओला केलेला, कळ्यांचं तबक भरलेलं. अनुसया सगळ्यांत मागच्या खांबाशी उभी, दोन्ही मुली पदराशी. तिनं माझ्याकडं एकदाच बघितलं आणि मान खाली घातली. माडांतून उग्र वास येत होता, कुजक्या अंड्यांसारखा. वाडीतल्यांना तो आला नसेल असं नाही. पण त्यांनी त्याला देवाचा राग ठरवून टाकलं होतं, आणि एकदा तसं ठरलं की नाकाला पुढं काही काम उरत नाही.

देवाचा मान दत्ताराम गावकरांचा. सत्तरीचे, हडकुळे, कमरेला पंचा आणि कानात भिकबाळी. मी त्यांना म्हटलं, "गावकर, कौल लावायच्या आधी मला दांड्यावर जाऊन पाणी घेऊ द्या."

देवळात कुजबूज सुरू झाली. गावकर म्हणाले, "बाय, आज सोमार. आज पान्याला पाय लावायचा नाय, त्ये तुमाला ठावं हाय."

"ठाऊक आहे. म्हणूनच विचारतेय."

"सरकारचा हुकूम हाय?"

"नाही. हुकूम बुधवारचा आहे. आज मी माझीच आले आहे."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "मंग बरं," ते म्हणाले. "हुकूम असता तर नाय म्हनून सांगितलं असतं. तुमी इचारताव, तर देवाला इचारू." एक तरुण गडी मधेच बोलला, "आनि कोप झाला तर?" गावकर त्याच्याकडं न बघता म्हणाले, "आनि काय कोप व्हायचा ऱ्हायलाय? तिसऱ्या तर मेल्याच."

मग ते पाषाणापुढं उभे राहिले, हात जोडले आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं. वाडीच्या वतीनं देवाशी मोठ्यानं बोलायचं, ही तिकडची रीत. "बा सोमेस्वरा! आज तुजा वार. आमी त्यो पालीत आलाव. ही लेक चिपलूनची, नोकरीवाली. तिला तुजा वार ठावा हाय, पन तिचं काम पान्यातलं हाय. तिच्या पायाला काटा लागू देव नुको, आनि तिच्या बाटलीत जे काय खरं आसंल त्ये सगल्यांस्नी दिसू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गड्यांनी एका आवाजात साथ दिली.

मी आजवर अनेक साहेबांच्या सहीनं नमुने घेतले. त्या दिवसाएवढी भक्कम परवानगी मला कधी मिळाली नाही.

चपला काढल्या, पातळ वर खोचलं आणि उतरले. पाणी गुडघ्याला लागलं आणि कोमट वाटलं. नदी अशी कोमट कधी नसायची. नितळपणा नव्हता, तळ दिसत नव्हता. दांड्याच्या कडेला बोटाएवढे मासे वर येऊन तोंडं उघडत होते, अनुसयानं सांगितलं होतं तसंच. शेकडो लहान तोंडं, आवाज नाही. काठावर एवढी माणसं उभी होती पण मला त्या क्षणी कुणीच ऐकू येत नव्हतं. मी बाटली पाण्याखाली धरली आणि ती भरेपर्यंत श्वास रोखला, काही कारण नसताना.

परत येऊन मी देवळाच्या पायरीवर बसले. शेजारी दुसरी बाटली देवळामागच्या झऱ्याच्या पाण्यानं भरून घेतली. हा झरा उंचावरून पडे, तेव्हा त्यात प्राणवायू असणार याची मला खात्री होती. गावकरांना म्हटलं, "ही तुमच्या झऱ्याची आणि ही नदीची. दोन्हींत मी तेच औषध घालणार. तुम्ही फक्त बघा." झऱ्याच्या बाटलीत औषध सोडलं, खालीवर केली. तपकिरी ढग उठला आणि संथपणे तळाशी उतरू लागला. पोरं पुढं सरकली. मग नदीची बाटली घेतली. औषध सोडलं, बूच लावलं, बाटली उलटी केली, सुलटी केली.

पांढरं. नारळाच्या दुधासारखं पांढरंशुभ्र, आणि तसंच राहिलं.

इतक्या वर्षांच्या नोकरीत असा पूर्ण पांढरा साका मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. मला आनंद व्हायला हवा होता, कारण मी बरोबर ठरले होते. पण मला रडू आलं. मी मनात जिला रोज श्वास घेताना बघत होते, ती नदी माझ्या हातात निपचित पडली होती.

मी डोळे पुसून सगळं सांगितलं. रविवारी यंत्रं निजतात, नदी बारीक होते, कारखान्याचा नाला मात्र सुट्टी घेत नाही. "म्हंजे देव रागावला नाय?" त्याच तरुण गड्यानं विचारलं. गावकर दोन्ही बाटल्या उन्हात धरून बघत होते. म्हणाले, "देवाचा काय संबंद? म्हमईवाल्यांची सुट्टी आमाला बाधली!" लोक हसले. किती दिवसांनी हसले असतील कोण जाणे.

पुढचं थोडक्यात सांगते. साहेब माझ्यावर आधी भडकले, वार मोडला म्हणून. पण माणूस सरळ होता. पुढच्या सोमवारी ते स्वतः आले, पायजमा वर करून पाण्यात उतरले आणि बाटली पांढरी झालेली त्यांनी आपल्या डोळ्यांनी बघितली. त्यानंतर आमच्या खोऱ्यात नमुन्याचा वार दर महिन्याला बदलायचा असं ठरलं. कारखान्याला मळकं पाणी साठवायला टाकी बांधावी लागली आणि नदी बारीक असताना नाला बंद ठेवावा लागला. पावसाळ्यानंतर दांड्यावर पुन्हा तिसऱ्या दिसू लागल्या. हे सगळं मी अभिमानानं सांगते, पण टाकी बांधणं म्हणजे पाणी स्वच्छ करणं नव्हे, हे मला तेव्हाही कळत होतं. नंतर आणखी कारखाने आले. टाक्या आल्या आणि भरल्याही. अजून कधी दुपारी डोळा लागला की मी दांड्यावर बाटली धरून उभी असते आणि साका कुठल्या रंगाचा धरतो ते बघायच्या आत जागी होते.

पण ते सगळं नंतरचं. त्या सोमवारी देवळात अजून एक गोष्ट उरली होती. हसणं ओसरल्यावर गावकरांनी बाटल्या खाली ठेवल्या आणि मला विचारलं, "बाय, सोमारीच यावं, असं तुमाला कुनी सांगितलं?"

मागच्या खांबाकडं बघायचं नाही, एवढंच मी स्वतःला बजावलं. म्हटलं, "काल अलोऱ्याला बहिणीकडं गेले होते. तिथं नदी आटताना बघितली. म्हणून आले." खोटं त्यात काही नव्हतं.

"व्हय, व्हय," गावकर म्हणाले. मला वाटलं आता ते पुढचं विचारणार. पण त्यांनी कळ्यांचं तबक उचललं, सगळ्या कळ्या एकदम पाषाणावर वाहून टाकल्या आणि पुन्हा हात जोडले. कौल संपला होता.

"बा सोमेस्वरा! खरं ते तू दावलंस. आता आयक. प्वाट काय वार बगत नाय, त्ये तुला ठावं हाय. ह्या वाडीतलं कोन बी लेकरू पोटासाटी तुज्या वारी पान्यात उतारलं आसंल, तर त्येची चूक पदरात घे. त्येच्यावर तुजा राग नाय, आनि वाडीचा बी नाय. दांडा जसा सगल्यांचा, तसा त्येचा बी, रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला साथ द्यायची ती गड्यांनी, बायकांनी नाही, अशी तिथली रीत. पण गड्यांनी तोंड उघडायच्या आत मागच्या खांबाकडून एक आवाज आला. एकटाच, बाईचा, रडण्यानं फाटलेला.

"व्हय म्हाराजा!"

गावकरांनी वळून बघितलं नाही. मग सगळ्या देवळानं तिच्या मागून साथ दिली.